मालगाडीच्या वाफेच्या इंजिनांचीही आठवण ठेवावी

माननीय संपादक,

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आलेल्या पहिल्या गाडीचे स्मरण आपण ठाणेकर दरवर्षी अभिमानाने करतो. मात्र स्वातंत्र्यानंतर कोळसा, धान्य आणि पोलाद देशभर वाहून नेणाऱ्या ‘डब्ल्यूजी’ वर्गाच्या वाफेच्या इंजिनांविषयी फारसे कोणी बोलत नाही. १९५० ते १९७० या काळात अशी २,४५० इंजिने तयार झाली. पहिली तुकडी ग्लासगोहून आली आणि पश्चिम बंगालमधील चित्तरंजन रेल्वे इंजिन कारखान्यातून १९५० मध्ये बाहेर पडलेले पहिले इंजिन, ‘देशबंधू’, याच वर्गाचे होते. बॉयलर प्रवासी गाड्यांच्या ‘डब्ल्यूपी’सारखाच, पण वेगापेक्षा ओढण्याची ताकद महत्त्वाची असल्याने चालक चाके (वाफेच्या जोरावर फिरून गाडी ओढणारी) आठ आणि तुलनेने लहान, ही रचना मला विशेष विचारपूर्वक केलेली वाटते. ‘अंतिम सितारा’ हे १९७० मधील या वर्गाचे शेवटचे इंजिनही चित्तरंजनचेच.

आपल्या भागात, कल्याणपासून इगतपुरी व पुण्यापर्यंत, १९३० च्या सुमारासच विजेची इंजिने आल्याने हा इतिहास ठाणेकरांना दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही ठाणे स्थानकात पहिल्या गाडीच्या माहितीसोबत या इंजिनांचे एक सचित्र फलक रेल्वेने लावावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, नौपाडा, ठाणे