विश्वास म्हणजे कसंही वागायची सूट नाही

मा. संपादक,

ख्रिस्ती माणसाने नुसता विश्वास ठेवला की झालं, मग कसंही वागा, असं बरेच जण म्हणतात, ते ऐकून वाईट वाटतं म्हणून लिहितोय. येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (३:२८) म्हणतो की माणूस नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेच्या धर्मनियमांच्या, कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, आता 'ठरतो' हा कोर्टातला शब्द आहे, म्हणजे आरोपी चांगला निघाला म्हणून नाही तर ख्रिस्तामुळे देव त्याला निर्दोष जाहीर करतो. लूकच्या शुभवर्तमानात १८व्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यातला जकातदार (कर गोळा करणारा) बघा ना, लांब उभा, मान वर करायची पण हिंमत नाही, छाती बडवून फक्त दया मागतो आणि उपासाचा आणि दशांशाचा (मिळकतीच्या दहाव्या भागाच्या दानाचा) हिशोब सांगणारा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, राहतो बाजूला, हा जकातदारच नीतिमान ठरून घरी जातो. माझी आई शेवटच्या आजारपणात सारखी विचारायची, माझं पुण्य पुरेल का रे, तेव्हा मी तिला हेच वाचून दाखवायचो. बायबलमधल्याच आपल्या पत्रात याकोब म्हणतो कर्मांशिवाय विश्वास निर्जीव, तेही खरंच, पण कर्मं विश्वासाच्या मागून येतात. याच मुद्द्यावरून १६व्या शतकात चर्चमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी केवढी फाटाफूट झाली, आणि १९९९ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक व लुथरन (मार्टिन ल्युथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) मंडळींनी यावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर एकत्र सह्या केल्या, त्याबद्दलही कधीतरी छापा ना.

एक वाचक