बाबांची कंबरदुखी आणि सुयांचा उपचार

ती. आई व ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या जुन्या कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर घ्यावे का, असे आईने विचारले आहे. माझे मत असे, की घेऊन पाहायला हरकत नाही. मात्र किती वेळा घ्यायचे हे आधीच ठरवावे आणि त्याकडून काय अपेक्षा ठेवावी हेही जाणून घ्यावे.

या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटतो तो जर्मनीतील अभ्यास. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी आठ वर्षे कंबरदुखी सोसलेल्या १,१६२ रुग्णांपैकी काहींना चिनी वैद्यकाने सांगितलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या, काहींना त्या बिंदूंपासून दूर, जेमतेम कातडीत जातील अशा टोचल्या, आणि उरलेल्यांना औषधे, फिजिओथेरपी व व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४७.६ टक्के, दुसऱ्यातील ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातील २७.४ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम होता.

म्हणजे सुयांनी आराम पडला हे खरे, पण त्या नेमक्या कुठे टोचल्या याने फारसा फरक पडला नाही. तिसऱ्या गटातील माणसे तेच उपचार वर्षानुवर्षे घेऊन कंटाळलेली असणार आणि आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे त्यांचा आकडा खाली आला असण्याचीही शक्यता आहे. जर्मनीतील सार्वजनिक आरोग्य विम्याने कंबरदुखीसाठी हा उपचार मान्य केला. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मात्र २००९ मध्ये केलेली शिफारस २०१६ मध्ये मागे घेतली, कारण खोट्या, म्हणजे दुसऱ्या गटासारख्या नुसत्या नावापुरत्या टोचलेल्या, सुयांच्या तुलनेत खऱ्या सुयांचा पुरेसा जास्त गुण तिला दिसला नाही. मला दोन्ही निर्णय समजू शकतात, परंतु रोज कळ सोसणाऱ्या माणसाला आराम कशामुळे पडला यापेक्षा तो पडला हेच मोलाचे असते, असे मला मनापासून वाटते.

म्हणून अमेरिकेच्या ‘मेडिकेअर’चा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, नियम आपणही पाळावा. तेथे ९० दिवसांत बारा वेळा उपचार मिळतो, सुधारणा दिसली तरच आणखी आठ वेळा, अन्यथा तो थांबवतात. चाळीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे कृपया जाऊ नका. दुखणे शून्य ते दहापैकी किती, हे बाबांनी रोज रात्री वहीत लिहावे, आणि सुया चालू असतानाही चालणे व व्यायाम सोडू नयेत.

सुया निर्जंतुक व एकदाच वापरायच्या असाव्यात. पाकीट बाबांसमोरच फोडायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते उपचारकाला आधी सांगावे आणि कोणतेही औषध आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. पायात बधिरता किंवा अशक्तपणा जाणवला, लघवीवरचा ताबा सुटला, तर सुयांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिल्या बैठकीची तारीख ठरली की कळवा.

तुमची लेक