गरोदरबाईचा बीपी नीट मोजणाऱ्या हातांचे आभार

उपकेंद्रांतल्या नर्सताई, आशाताई आणि १०८ चे चालकदादा, तुमचे मनापासून आभार.

आल्याआल्या पट्टा न बांधता बाईला आधी पाच मिनिटं पाठ टेकवून बसवलंत, बाही वर सारलीत, हात छातीच्या पातळीवर ठेवलात. दंड जाड असेल तर मोठा पट्टा शोधलात, कारण लहान पट्ट्यावर बीपी उगाच जास्त दिसतो. १४०/९० आला तेव्हा ‘उन्हातून आली असेल’ म्हणून सोडलं नाहीत. चार तासांनी पुन्हा मोजलात, लघवीतली प्रथिनं तपासलीत. १६०/११० ला मात्र वाट पाहिली नाहीत.

सततची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखालची कळ हे नुसतं पित्त नसतं, वाढलेल्या बीपीची खूण असू शकते, हे घरोघरी तुम्हीच पटवलंत.

बीपी वाढून झटके आल्यावर कुणाला तोंडात चमचा घालू दिला नाहीत, बाईला डाव्या कुशीवर वळवलंत. मग झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत. एका ॲम्प्यूलमध्ये (औषधाच्या काचेच्या कुपीत) १ ग्रॅम, म्हणजे दहा ॲम्प्यूल फोडायच्या, तेही समोर बाई आचके देत असताना! हात थरथरला तरी डोस आणि वेळ चिठ्ठीवर लिहिलीत. ती नोंद नसेल तर पुढे डोस दुबार पडू शकतो आणि श्वास मंदावतो.

आणि बाळंतपणानंतरही झटके येतात म्हणून घरी जाऊन पुन्हा पट्टा बांधणाऱ्या आशाताई, तुमचे दुप्पट आभार.