वनमंत्री साहेब, नान्नजच्या माळावर झाडं नकोत

मा. वनमंत्री साहेब, नमस्कार.

पाऊस तोंडावर आला की सोलापुरात वृक्षारोपणाची लगबग सुरू होते, खड्डे, रोपं, बॅनर, फोटो. शहरात लावा ना, आमच्या उन्हाला सावली पाहिजेच. पण सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, म्हणजे माळढोक अभयारण्यातल्या गवताळ माळावर, प्लीज नको. तिथं मागं लावलेलं ग्लिरिसिडिया (बाहेरून आणलेलं झाड) जिथं दाट झालंय तिथं गवत हटलंय, आणि गवत हटलं की माळाचे पक्षी पण हटतात.

1979 ला माळढोक या माळावरच्या मोठ्या, दुर्मिळ पक्ष्यासाठी हे अभयारण्य झालं तेव्हा ते सोलापूर-नगर मिळून जवळपास 8,500 चौरस किमी होतं, त्यात अख्खी गावं आणि शेतं, लोक वैतागणारच. पुढं ते 1,222 वर आणलं. शेतकऱ्याच्या डोक्याचा ताप कमी झाला ते बरंच झालं, पण जे उरलंय ते तरी माळ म्हणून राहू द्या की.

माळढोक आता क्वचितच दिसतो. जमिनीवर अंडं घालतो, ते पण बहुतेक एकच, त्यामुळं एक घरटं गेलं की ते वर्षच गेलं. आणि नर पंधरा किलोपर्यंत भरतो, डोळे बाजूला, समोरची विजेची वायर उशिरा दिसते, एवढं धूड ऐनवेळी वळणार कसं? म्हणून विजेच्या तारा जमिनीखाली घाला म्हणतोय.

आणि माळढोक दिसत नाही म्हणजे माळ रिकामा आहे असं कुणी सांगितलं तर त्याला सकाळी इकडं पाठवा. धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी, सगळी जमिनीवरच अंडी घालणारी मंडळी. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या (हॅरियर) येतात, दिवसभर नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर नाही, गवतातच खाली बसतात. (शिकारी पक्षी असून!) तिथं रोपं लावून आपण त्यांचा मुक्कामच मोडतोय. काळवीट, लांडगा पण याच मोकळ्या माळावरचे.

कागदावर ही जमीन 'पडीक' दिसते, सगळा घोळ तिथंच आहे, कारण पडीक दिसली की कुणालातरी टार्गेट भरायला सोपी जागा मिळते.

तर साहेब, नान्नज-मार्डीचा माळ वृक्षारोपणातून वगळल्याचा लेखी आदेश काढा, ग्लिरिसिडिया टप्प्याटप्प्यानं काढा, आणि पावसाळ्यात अंडी असतात तेवढे महिने चराई थांबवायची तर मेंढपाळांना आधी चाऱ्याची सोय द्या, नुसता बोर्ड लावून ते ऐकणार नाहीत, का ऐकतील?

आपला,
एक सोलापूरकर