परसात उतरणारी वाट

रत्नागिरी,
२० मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पडवीतून परसात उतरायला नव्या पायऱ्या बांधून त्यांवर गुळगुळीत कडाप्पा बसवण्याचा तुझा बेत पत्रातून कळला. बाकी काहीही कर, पण कडाप्पा तेवढा बसवू नकोस. आमच्याकडे तो होता आणि देखणाही होता. पण गेल्या श्रावणात तुळशीला पाणी घालायला निघालेली आई पागोळीखालच्या पहिल्याच पायरीवरून घसरली आणि दीड महिना हात गळ्यात बांधून बसली. गवंड्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता, कारण फरशी मीच पसंत केली होती.

पूर्वी तीन फूट आम्ही चार पायऱ्यांत उतरत होतो, म्हणजे प्रत्येक पायरी नऊ इंचांची. आता तेथे सहा-सहा इंचांच्या सहा पायऱ्या असून प्रत्येकीवर फूटभर जागा आहे, त्यामुळे अख्खे पाऊल टेकते. वर जांभ्याचा घडीव चिराच घातला आणि टाकीचे घाव मुद्दाम तसेच ठेवले. जांभा पाणी पितो, म्हणून शेवाळही धरतो, हे खरे. त्यासाठी पागोळीला पन्हळ लावली, पायऱ्यांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला मी स्वतः खराट्याने घासतो.

तुझ्या वडिलांना पुढेमागे चाकांची खुर्ची लागलीच, तर फूटभर चढाला बारा फूट लांबी या हिशेबाने आमच्यासारख्याच तीन फुटांसाठी तुला छत्तीस फुटांचा उतार लागेल. सरळ रेषेत तो रुक्ष दिसेल; आंब्याला वळसा घालून, वळणावर पाच फुटांची सपाट जागा सोडून काढलास, तर तीच परसाची शोभा होईल. वाट माडाखालून मात्र नेऊ नकोस. झावळी आणि नारळ कोणाची वाट पाहून पडत नाहीत. कडेला अबोली, तगर लाव. कण्हेर सर्वांगाने विषारी, तेव्हा नातवंडांच्या हाताशी ती नको. आणि वाट विहिरीपाशी जाण्याआधी विहिरीवर जाळी बसव.

पायऱ्यांना तीन फूट उंचीवर लोखंडी नळाचा कठडाही केला आहे. आई तो धरते क्वचितच. त्यावर तिची ओली लुगडी मात्र रोज वाळत असतात.

तुझा,
बाळपणीचा सोबती