लो, ले आणि नकार

सांगली

प्रिय सुध्या,

लोजबान या तर्कशास्त्रावर बेतलेल्या कृत्रिम भाषेत नुसतं 'लो' या उपपदाचं 'ले' केलं की नकाराचा अर्थ कसा पालटतो, असं तू विचारलंस. 1997 च्या व्याकरणग्रंथातला जुना नियम घेऊन सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

'लो गेर्कु ना बात्शि मी.' गेर्कु म्हणजे कुत्रा, बात्शि म्हणजे चावणे आणि मी म्हणजे चक्क मीच! जुन्या नियमात 'लो'च्या पोटात 'किमान एक' दडलेलं असायचं, आणि 'ना' हा नकाराचा शब्द क्रियापदाला चिकटून बसला तरी अख्खं वाक्य नाकारायचा. किमान एक कुत्रा मला चावतो, हेच खोटं. म्हणजे एकही चावत नाही. आता 'ले' घाल. त्याच्या पोटात 'माझ्या मनातले ते सगळे'. ते सगळे चावतात हे खोटं, म्हणजे एखादा चावतही असेल! उपपद बदललं आणि पोटरी धोक्यात आली.

आपल्याकडे उपपदं नाहीत म्हणून आपण सुटलो असं समजू नकोस. वळवाच्या सरीनंतर मार्केट यार्डात एक हमाल ओरडला, "सगळी पोती भिजली न्हाईत!" हळदवाल्या शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडला. खरेदीदार मात्र एकेका पोत्यात हात घालून बघायला लागला. दोघांचंही मराठी चोख. 'एकही' म्हणाला असता तर प्रश्नच मिटला असता.

लोजबानमध्ये त्यासाठी 'नाकु' आहे. तो वाक्यात जवळपास कुठेही बसतो, आणि त्याच्या उजवीकडचं तेवढंच नाकारतो. त्याला 'सगळे'वरून पलीकडे उचलून ठेवलं, तर अर्थ राखायला 'सगळे'चं 'किमान एक' करावं लागतं. हा डी मॉर्गनचा नियम, कॉलेजात आपण घोकलेला.

पुढे सुधारणा झाली आणि उपपदांच्या पोटातली ही छुपी संख्या काढून टाकली. 'लो गेर्कु' म्हणजे नुसते कुत्रे. नकार अलीकडे ठेवा की पलीकडे, फरक पडत नाही. संख्या हवी तर 'रो' (सगळे) किंवा 'सुहो' (किमान एक) उघड म्हणा. जुन्या मंडळींना हे रुचलं नाही, पण मला पटतं. तर्कशुद्ध म्हणवणाऱ्या भाषेत न उच्चारलेल्या शब्दाने अर्थ फिरवावा, हे काही बरं नव्हे.

आता हमालाचं वाक्य 'रो' आणि 'नाकु' वापरून दोन्ही अर्थांनी लिहून पाठव. पोत्याला शब्द सापडला नाही तर कुत्रेच भिजव.

तुझा,
बाळ्या