परदेशी सुनेचे कागद आणि आजोबांचे घर

माननीय संपादक,

माझी सून परदेशी नागरिक आहे. तिचा मुलाशी झालेला विवाह गोव्यातच नोंदला गेला असून, भारतीयाच्या जोडीदाराला मिळणारे ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्ड नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मागता येत नाही, या नियमाबद्दल आमची तक्रार नाही. अडचण तोवरच्या मुक्कामाची आहे. व्हिसाची मुदतवाढ ऑनलाइन मागताना निवासाचा पुरावा लागतो आणि आमच्या घराचे वीजबिल आजही दिवंगत आजोबांच्या नावावर आहे. वारसांमधील वाटणीचा न्यायालयीन (इन्व्हेंटरी) दावा रेंगाळलेली अशी घरे गोव्यात वाड्यावाड्यावर सापडतील. पंचायतीचा रहिवासी दाखला आणि माझे संमतिपत्र एका कार्यालयाने स्वीकारले, तर दुसऱ्या खेपेस तेच कागद अपुरे ठरवले. कारण मात्र लेखी दिले नाही.

दुसरा गोंधळ आपल्या दोन सह्यांचा. गोव्यात आधी विवाहाच्या इराद्याची नोंद होते आणि नंतर, ठरलेल्या मुदतीने, निबंधकासमोर दुसरी सही झाल्यावरच विवाह कायदेशीर ठरतो. अनेक कुटुंबे (आम्हीही त्यांतलेच) ओसीआयची दोन वर्षे पहिल्या सहीपासून मोजत बसतात.

निवासाच्या पुराव्यासाठी कोणते पर्यायी कागद चालतील, याची मराठी व कोंकणी यादी प्रत्येक मामलेदार कार्यालयात लावावी आणि अर्ज परत करताना त्रुटी लेखी कळवावी, एवढीच विनंती आहे.

– एक वाचक, डिचोली